भटारखान्याचे सांडपाणी : ग्रीस ट्रॅप आणि त्याची निगा

वर्धा जिल्ह्यात एकाच चुलीवर शेकडो माणसांचे अन्न शिजते अशा जागांची संख्या गेल्या काही दशकांत बरीच वाढली आहे. सेवाग्राम येथे १९६९ साली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. सावंगी (मेघे) येथे १९९० मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघाले. १९९७ मध्ये महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाची स्थापना झाली. विद्यार्थी, रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांच्यासाठी खाणावळी, भोजनालये व वसतिगृहे उभी राहिली. नागपूर-हैदराबाद महामार्गावर जाम व हिंगणघाट, नागपूर-अमरावती मार्गावर कारंजा (घाडगे) व तळेगाव येथे ढाब्यांच्या रांगा लागल्या. यांत आश्रमशाळा, शालेय पोषण आहाराची स्वयंपाकघरे आणि मंगल कार्यालये यांची भर घातली, म्हणजे या विषयाचा आवाका लक्षात येतो.

या भटारखान्यांत धान्य, इंधन व पिण्याचे पाणी यांची व्यवस्था बहुधा काळजीपूर्वक पाहिली जाते. भांडी घासल्यानंतर मोरीतून बाहेर जाणाऱ्या पाण्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. ते पाणी तेल, तूप व वनस्पती तूप यांनी भरलेले असते आणि पुढे जाऊन नाली, शोषखड्डा किंवा मलवाहिनी बंद पाडते. ते जागच्या जागी अडविण्यासाठी ग्रीस ट्रॅप नावाची एक साधी टाकी बसविण्यात येते. ही टाकी बांधणे अवघड नाही आणि तिला वीज किंवा यंत्र लागत नाही. परंतु ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या माणसाने ती रिकामी केली नाही, तर ती असून नसल्यासारखी होते. या लेखाचा मुख्य विषय हाच आहे.

तेल जाते कोठे?

तेल पाण्यापेक्षा हलके असते, हे विदर्भात कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. तर्री-पोह्यांच्या दुकानात रस्सा थोडा स्थिर झाला की तर्री आपोआप वर येते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, तर एक लिटर खाद्यतेलाचे साधारणपणे नऊशे ते साडेनऊशे ग्रॅम. एवढ्या फरकामुळे तेल वर तरंगते. मात्र त्यासाठी दोन गोष्टी लागतात : पाणी संथ असले पाहिजे आणि त्याला पुरेसा वेळ मिळाला पाहिजे.

भांडी घासताना नेमके याच्या उलट घडते. गरम पाणी व साबण यांच्यामुळे तेलाचे अतिशय बारीक कण होतात आणि ते पाण्याच्या वेगाबरोबर वाहून जातात. मोरी स्वच्छ दिसते, म्हणून आपले काम झाले असे वाटते. वास्तविक, तेल केवळ नजरेआड झालेले असते. पुढे पाणी थंड होते, त्याचा वेग मंदावतो आणि तेलकट पदार्थ नळाच्या आतील बाजूस चिकटू लागतात. त्यावर भाताची शिते, भाजीची साले व चहापत्ती अडकते. हिवाळ्यातील रात्री वनस्पती तूप व पामतेल थिजत असल्याने ही क्रिया अधिक वेगाने होते.

यात आणखी एक रासायनिक कारण आहे. आपल्या भागातील अनेक विहिरींचे पाणी दुष्फेन आहे, म्हणजे त्यात साबणाचा फेस लवकर होत नाही. अशा पाण्यातील कॅल्शियमचा साबणाशी संयोग होऊन पांढरट, चिकट साका तयार होतो. तेल कुजून सुटणारी स्निग्धाम्ले आणि पाण्यातील किंवा सिमेंटच्या नळातील कॅल्शियम यांच्यापासूनही असाच, पाण्यात न विरघळणारा कॅल्शियम साबण बनतो. त्याचे थर दगडासारखे घट्ट होतात. सोयाबीन किंवा सरकीचे तेल थंडीत थिजत नसले तरी या क्रियेपासून तेही सुटत नाही. लंडनमधील व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये मलवाहिनीत असा सुमारे २५० मीटर लांबीचा आणि १३० टन वजनाचा गोळा आढळला होता. तो फोडून काढण्यास कित्येक आठवडे लागले. त्यात तेलकट पदार्थांबरोबर लोकांनी फेकलेली कापडे व इतर कचराही होता.

लंडनसारखी मोठी मलवाहिनी आपल्या खेड्यांत नाही, म्हणून हा प्रश्न आपला नाही असे कोणी समजू नये. जिल्ह्यातील खेड्यांत आणि महामार्गावर सांडपाणी बहुधा उघड्या नालीत, शोषखड्ड्यात किंवा सेप्टिक टँकमध्ये जाते. येथील काळी माती ओली झाली की फुगते आणि तिच्यातून पाणी फार सावकाश मुरते. अशा जमिनीतील शोषखड्ड्यात तेलकट पाणी सोडले तर खड्ड्यातील दगडविटांवर आणि भोवतालच्या मातीवर तेलाचा व शेवाळ्यासारखा लेप बसतो. मग खड्डा पाणी शोषेनासा होतो आणि ते रस्त्यावर येते. तेथे डबके साचते व डासांची पैदास होते. पुष्कळदा शोषखड्डा नीट खणला नाही असा दोष दिला जातो. खरे कारण मोरीपाशी असते.

एका चमच्याचा हिशेब

पर्यावरण (संरक्षण) नियमांतील सर्वसाधारण मानकांनुसार सार्वजनिक मलवाहिनीत सोडावयाच्या सांडपाण्यात तेल व ग्रीस यांचे प्रमाण लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा आणि नदी-नाल्यात सोडावयाच्या सांडपाण्यात १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. चहाचा एक चमचा तेल म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम, अर्थात ४,५०० मिलिग्रॅम. ते १० मिलिग्रॅमच्या मर्यादेत बसविण्यासाठी ४५० लिटर पाणी लागेल. धाम, यशोदा, वणा किंवा वर्धा या नद्यांना उन्हाळ्यात मिळणारे पाणी किती असते हे आपण जाणतो. म्हणून तेल पाण्यात मिसळल्यानंतर त्याचा विचार करण्यापेक्षा ते आधीच अडविणे सोपे व स्वस्त पडते.

टाकीची रचना

ग्रीस ट्रॅप म्हणजे पाण्याला थांबा देणारी टाकी होय. ती विटा-सिमेंटची, लोखंडी पत्र्याची किंवा प्लास्टिकची असते. मोरीचे पाणी प्रथम एका जाळीतून जाते व तेथे शिते, साले आदी खरकटे अडते. त्यानंतर पाणी टाकीत शिरते. प्रवेशापाशी आडवी फळी किंवा भिंत असल्याने त्याचा वेग मोडतो. पाणी संथ झाले की तेल वर येते आणि जड गाळ तळाशी बसतो. मधल्या थरातील तुलनेने स्वच्छ पाणी बाहेर पडावे म्हणून बाहेर जाणाऱ्या नळाचे तोंड पृष्ठभागाच्या बरेच खाली, परंतु तळापासून वर ठेवलेले असते. त्यासाठी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा जोड वापरतात. हा जोड निघून पडला तर वरचे सारे तेल थेट बाहेर जाते. म्हणून टाकी उघडताच प्रथम तो जागेवर आहे की नाही हे पाहावे.

टाकी केवढी असावी हे रोजच्या एकूण पाण्यावर ठरत नाही. भांडी घासण्याच्या ऐन वेळेस किती पाणी येते, यावर ते ठरते. उदाहरणार्थ, १०० विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात भांडी घासण्यास दिवसाला १,५०० लिटर पाणी लागते असे धरू. दोन्ही जेवणांनंतर एकेक तास भांडी घासली जात असतील, तर तासाला ७५० लिटर पाणी टाकीत येईल. पाण्याला अर्धा तास थांबा द्यावयाचा असल्यास ३७५ लिटर जागा हवी. वरचे तेल व खालचा गाळ यांच्यासाठी आणखी जागा धरता टाकीची धारणशक्ती सुमारे ५०० लिटर असावी. सव्वा मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ७० सेंटिमीटर पाण्याची खोली असलेली टाकी त्यास पुरेल. प्रत्येक संस्थेने आपल्या पाण्याचे मोजमाप करून असा हिशेब मांडावा.

जागा निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. टाकी भटारखान्याच्या बाहेर, पण जवळ असावी. तिच्यात पावसाचे पाणी शिरू नये. शौचालयाचे किंवा स्नानगृहाचे पाणी तिला जोडू नये. आणि ती सावलीत असावी, कारण वैशाखातील उन्हात टाकी तापली तर तेल पातळ राहून पाण्याबरोबर पुढे सरकते. झाकण एका माणसाला सहज उचलता येईल अशा तुकड्यांचे असावे. जड फरशी बसविलेली टाकी सहसा कोणी उघडत नाही, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे.

निगा : कधी आणि कशी?

टाकी केव्हा साफ करावी यासाठी सर्वत्र मान्य असलेला एक सोपा नियम आहे. वरचा तेलाचा थर आणि तळाचा गाळ या दोहोंची मिळून जाडी पाण्याच्या खोलीच्या एक चतुर्थांश झाली की टाकी रिकामी करावी. वरील उदाहरणात खोली ७० सेंटिमीटर आहे. म्हणजे ही जाडी १७ सेंटिमीटरपर्यंत आली की वेळ झाली असे समजावे. मोजण्यासाठी खुणा केलेली एक काठी पुरते. यापुढे थर वाढू दिला तर पाण्याला थांबण्यास जागा उरत नाही आणि तेल सरळ पुढे जाते. टाकी भरून वाहू लागण्याची वाट पाहणे म्हणजे ती कित्येक दिवसांपूर्वीच निकामी झाली हे उशिरा कळणे होय.

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला काठीने मोजून नोंद ठेवावी. त्यावरून आपल्या भटारखान्याला किती दिवसांचे अंतर योग्य आहे ते कळते. मोरीखालच्या लहान ट्रॅपची सफाई बहुधा आठवड्यातून एकदा तरी करावी लागते. बाहेरच्या मोठ्या टाकीला अधिक दिवस मिळतात. सणासुदीला आणि लग्नसराईत हे अंतर कमी करावे.

सफाईचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा :

१. काम पहाटे, चूल पेटण्यापूर्वी करावे. रात्रभर थंड झालेल्या टाकीत तेलाचा थर घट्ट झालेला असतो.
२. झाकण काढून टाकी काही वेळ उघडी ठेवावी. हातमोजे व बूट वापरावेत.
३. लांब दांड्याच्या झाऱ्याने वरचा थर काढून झाकणाच्या डब्यात भरावा.
४. पाणी व तळचा गाळ उपसून घ्यावा. भिंती, फळी व नळाचे तोंड खरवडून काढावे.
५. जाळी धुवावी, टीचा जोड तपासावा.
६. टाकी स्वच्छ पाण्याने पुन्हा भरावी. कोरड्या टाकीत पाणी नीट थांबत नाही व सुरुवातीचे तेल तसेच निघून जाते.
७. तारीख, थराची जाडी आणि काम करणाऱ्याचे नाव वहीत लिहावे.

उकळते पाणी, कॉस्टिक सोडा किंवा भरपूर साबण ओतून टाकी मोकळी करण्याचा प्रयत्न करू नये. त्यामुळे तेल पातळ होऊन नालीत जाते व तेथे पुन्हा घट्ट होते. अडचण आपल्या दारातून शेजाऱ्याच्या दारात जाते, एवढेच. बाजारात मिळणाऱ्या जिवाणूंच्या किंवा विकरांच्या पुड्या टाकल्या म्हणून टाकी उपसण्याची गरज संपते असेही मानू नये.

टाकीवरचा भार कमी करण्याचा उत्तम उपाय मोरीच्या आधीच आहे. कढया, परातळ्या व ताटे धुण्यापूर्वी कागदाने, भुशाने किंवा राखेने कोरडी पुसून घ्यावीत. राखेने भांडी घासण्याची आपली जुनी पद्धत या दृष्टीने शास्त्रशुद्ध होती, कारण राख तेल शोषून घेते. खरकटे वेगळे काढावे. तळणीचे उरलेले तेल तर मोरीत कधीही ओतू नये.

अडविलेल्या तेलाचे काय करावे?

येथे दोन गोष्टींत भेद केला पाहिजे. कढईतील तळून उरलेले तेल ही एक वस्तू, आणि टाकीतून निघालेली तेलकट घाण ही दुसरी.

तळून उरलेल्या तेलाबाबत भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मर्यादा घातली आहे. वारंवार तापविल्याने तेलात निर्माण होणाऱ्या ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा अधिक झाल्यास ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही; १ जुलै २०१८ पासून हा नियम लागू झाला. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवावी असेही बंधन १ मार्च २०१९ पासून आहे. असे तेल डब्यात साठवून अधिकृत संकलकास द्यावे. त्यापासून जैवडिझेल तयार होते. तेलाचा काटकसरीने उपयोग करण्याचा विचार वर्ध्याला नवा नाही. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने येथील मगनवाडीत बैलघाणीच्या सुधारणेचे काम केले होते आणि रॉकेलऐवजी वनस्पतिजन्य तेलावर चालणारा मगनदीपही तेथे तयार झाला होता.

टाकीतील घाण मात्र कोणत्याही स्वरूपात पुन्हा अन्नात किंवा गुरांच्या खाद्यात येता कामा नये. नगरपरिषदेच्या हद्दीत ती मैलागाळ नेणाऱ्या गाडीकडे सोपवावी. खेड्यात तिचे प्रमाण थोडे असते. तेथे ती कोरडा भुसा किंवा राख यांत मिसळून, शेण व पालापाचोळ्याबरोबर खताच्या खड्ड्यात पातळ थराने घालता येते. खड्डा विहिरीपासून दूर असावा. गोबरगॅस संयंत्रात अशी घाण अल्प प्रमाणात टाकल्यास वायू अधिक मिळतो. परंतु प्रमाण वाढले तर संयंत्रातील जिवाणूंचे काम बंद पडते. म्हणून तांत्रिक सल्ल्याशिवाय तसे करू नये. नालीत, नदीत किंवा रस्त्याच्या कडेला ही घाण टाकणे सर्वथैव वर्ज्य समजावे.

प्रश्न माणसाच्या जिवाचा

वर सांगितलेली सारी कामे न केल्यास काय होते? नाली किंवा मलवाहिनी तुंबते आणि मग ती मोकळी करण्यासाठी एखाद्या सफाई कामगाराला बोलाविले जाते. भटारखान्यात तासाभरात झाऱ्याने होणारे काम त्याच्या वाट्याला अंधाऱ्या, घाणीने भरलेल्या भूमिगत कुंडीत येते. कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. मात्र प्रमाण वाढल्यावर माणसाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे वास थांबला याचा अर्थ धोका टळला असा होत नाही, उलट तो वाढलेला असू शकतो. एक कामगार बेशुद्ध पडल्यावर त्याला वाचविण्यासाठी उतरलेल्या दुसऱ्याचाही प्राण जातो, अशा दुर्घटना देशात अनेकदा घडल्या आहेत.

या संबंधात कायदा स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करणाऱ्या व्यक्तींच्या सेवायोजनास प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन याविषयीचा २०१३ चा अधिनियम ६ डिसेंबर २०१३ पासून अंमलात आला. संरक्षक साधने व सुरक्षिततेची व्यवस्था न करता कोणासही मलवाहिनी किंवा सेप्टिक टँक साफ करावयास लावणे हा त्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निर्णयात मलवाहिनीतील मृत्यूबद्दल दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयाने ती तीस लाख रुपये केली.

ग्रीस ट्रॅपची सफाई करतानाही हे भान ठेवावे. टाकी बाहेरून, वर उभे राहूनच साफ करता येईल एवढी उथळ असावी. माणसाने आत उतरावे लागेल अशी खोल टाकी असल्यास ती केवळ उपसा करणाऱ्या यंत्राने रिकामी करून घ्यावी.

वर्धा जिल्ह्याला या विषयात एक वारसा आहे. सेवाग्राम आश्रमात सफाई हे प्रत्येक आश्रमवासीयाचे काम मानले जाई. आचार्य विनोबा भावे यांनी १९४६ ते १९४८ या काळात पवनारहून जवळच्या सुरगावला खांद्यावर फावडे घेऊन जाऊन तेथील मैला उचलण्याचे काम नियमाने केले. घाण ज्याने केली त्यानेच ती निस्तरावी, ती दुसऱ्या कोणा जातीच्या माणसाच्या माथी मारू नये, हा त्या कामाचा अर्थ होता. आपल्या भटारखान्याचे तेल आपल्याच अंगणात अडविणे हे त्याच विचाराचे आजचे, लहानसे रूप आहे.

कोणी काय करावे?

ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील ढाबे, उपाहारगृहे व मंगल कार्यालये यांची यादी करावी आणि ज्यांचे सांडपाणी सार्वजनिक नालीत येते त्यांना ग्रीस ट्रॅप बसविण्यास सांगावे. पंचायतीच्या मालकीचे सभागृह किंवा गाळे भाड्याने देताना करारातच टाकीच्या निगेची अट घालावी. नवा शोषखड्डा मंजूर करताना त्यापूर्वी जाळी व ट्रॅप आहे की नाही हे पाहिल्यास खड्ड्यावरील खर्च वाया जाणार नाही.

मुख्याध्यापक व वसतिगृहांचे अधीक्षक यांनी टाकीची वही उपस्थितिपत्रकाइतक्याच नियमितपणे पाहावी. विज्ञानाच्या शिक्षकांना तर येथे एक सोपा प्रयोग मिळतो : काचेच्या बरणीत पाणी, थोडे तेल व साबण घालून हलवावे आणि थर किती वेळाने वेगळे होतात ते विद्यार्थ्यांना घड्याळ लावून मोजू द्यावे. पाण्याला थांबा का द्यावयाचा, हे त्यांना त्यातून समजेल.

तपासणीस जाणाऱ्या अधिकाऱ्यांनी टाकी आहे काय, एवढेच विचारून थांबू नये. झाकण उघडावयास लावावे, काठी बुडवून पाहावी आणि दोन प्रश्न विचारावेत : ही टाकी शेवटची केव्हा साफ झाली, आणि ती साफ करण्याची जबाबदारी नावाने कोणाची आहे? ज्या संस्थेकडे या दोन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहिलेली सापडतील, तेथील नाली तुंबण्याची शक्यता फार कमी असेल. जेथे ती नसतील, तेथे हातमोजे, बूट व झारा यांची तरतूद करून आणि त्या कामाचा योग्य मोबदला ठरवून सुरुवात करावी. त्यास लागणारा खर्च एका तुंबलेल्या मलवाहिनीच्या दुरुस्तीपेक्षा निश्चितच कमी असतो.